क्रिंपिंग टूलची देखभाल आणि तपासणी: शेतपंप, स्टार्टर आणि सोलरचं काम करणाऱ्यांसाठी

मोटर जळाली की पहिला दोष व्होल्टेजला जातो आणि दुसरा बोअरला. स्टार्टरच्या पेटीतला काळपट पडलेला लग, म्हणजे ज्याच्या नळीत वायरचं टोक घालून दाबतात ते धातूचं टोपण, मात्र कोणी हातात घेऊन बघत नाही. खरं तर अनेकदा सुरुवात तिथूनच झालेली असते. 5 एचपीची थ्री फेज मोटर साधारण 8 अँपिअर घेते. ढिल्या क्रिंपचा, म्हणजे टूलनं लग वायरवर दाबून केलेल्या जोडाचा, रोध 0.1 ओहम जरी झाला, तरी 8 गुणिले 8 गुणिले 0.1, म्हणजे 6.4 वॅट उष्णता नखाएवढ्या लगमध्ये सतत साठत राहते. त्या उष्णतेनं तांब्यावर ऑक्साइड चढतं, रोध वाढतो, रोध वाढला की उष्णता आणखी वाढते. एक दिवस वायरचं आवरण वितळतं आणि ती फेज तुटते. मोटर दोन फेजवर चालत राहते, उरलेल्या दोन तारांतून जास्त करंट ओढते. करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले वाढवून ठेवलेला असेल, तर वाइंडिंग गेलंच.

अडचण अशी, की क्रिंप आतून दिसत नाही. वरून चकचकीत, घट्ट, बरोबर खूण उमटलेला क्रिंप आतून पोकळ असू शकतो. प्रत्येक लग कापून बघता येत नाही, म्हणून ज्या टूलनं तो दाबला त्या टूलवर भरवसा ठेवावा लागतो. आणि टूल एका दिवसात बिघडत नाही. डायची, म्हणजे लग दाबणाऱ्या खोबणीच्या साच्याची, धार गोल होते, सांध्यातल्या पिनेची भोकं लांबट होतात, स्प्रिंग ढिली पडते, आणि हे सगळं इतक्या सावकाश होतं की रोज वापरणाऱ्या हाताला फरक कळत नाही. हातावर विसंबू नका, माप घ्या. हा सगळा लेख मापाबद्दल आहे.

पेटीत नेमकं कोणतं टूल आहे

खेड्यापाड्यात काम करणाऱ्या वायरमनच्या पिशवीत साधारण चार प्रकार सापडतात. पहिला, पक्कडीसारखा साधा क्रिंपर, रॅचेट (पूर्ण दाबल्याशिवाय दांडे न सोडणारी दातांची रचना) नसलेला. किती दाबलं हे पूर्णपणे मनगटावर अवलंबून. सकाळी ताज्या हातानं केलेला क्रिंप आणि दुपारी चारला घामेजल्या हातानं केलेला क्रिंप सारखा येतच नाही. स्टार्टरच्या कामासाठी हे टूल वापरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुसरा, रॅचेटचा हातक्रिंपर. लाल थिंबलला (प्लॅस्टिकची रंगीत टोपी असलेल्या लहान लगला) 0.5 ते 1.5 चौरस मिमी, निळ्याला 1.5 ते 2.5 आणि पिवळ्याला 4 ते 6 चौरस मिमी वायर. डायवर हेच रंगाचे ठिपके असतात. ठिपके घासून गेले असतील तर नेलपेंटनं पुन्हा लावा, कारण अंधाऱ्या पंपघरात चुकीच्या खोबणीत थिंबल घालणं फार सोपं आहे.

तिसरा, सोलर पंपाच्या एमसी-फोर कनेक्टरचा, म्हणजे पॅनलच्या वायरी एकमेकींत खोचून जोडायच्या कनेक्टरचा. आता वावरावावरांत सोलर पंप बसलेत, त्यामुळे हे टूल जवळ असतं, पण अनेक जण एमसी-फोरची पिन साध्या क्रिंपरनं चेपतात. ते करू नका. पॅनलची डीसी लाइन काही शे व्होल्टची असते आणि डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. ढिला क्रिंप तापला की कनेक्टरचं प्लॅस्टिक वितळून थेट जाळ लागतो.

चौथा, मोठ्या लगसाठी हातपंपाचा हायड्रॉलिक. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे, कारण त्याचे आजारही वेगळे.

टूल नवीन असतानाच घ्यायची मापं

ज्याच्याशी तुलना करायची ते मापच नसेल तर दोन वर्षांनी तपासणार कशाशी? म्हणून नवीन टूल कामाला लावण्याआधी अर्धा तास काढा.

नेहमी वापरता त्या मापाची वायर आणि नेहमी घेता त्याच कंपनीचे लग घ्या. प्रत्येक खोबणीत तीन-तीन नमुने दाबा. डिजिटल व्हर्नियरनं दाबलेल्या भागाची उंची मोजा. षटकोनी क्रिंप असेल तर समोरासमोरच्या तिन्ही सपाट बाजू मोजा. बाजूला पातळ पंखासारखा धातू बाहेर आला असेल तर व्हर्नियर त्यावर टेकू देऊ नका, नाहीतर माप खोटं मोठं येतं. तीन नमुन्यांची सरासरी वहीत लिहा: तारीख, टूलचा क्रमांक, खोबण, वायरचं माप, लगची कंपनी, उंची. तिन्ही नमुने छोट्या पुडीत बांधून टूलच्या खोक्यातच ठेवा. टूलच्या दांड्यावर ऑइलपेंटनं क्रमांक घाला. एकाच टोळीत तीन सारखी टूल असली की कोणतं कोणाचं हे दोन महिन्यांत कळेनासं होतं.

लगची कंपनी बदलली तर हे सगळं पुन्हा करायचं. नळीची जाडी कंपनीप्रमाणे बदलते, आणि तीच डाय एका लगला घट्ट तर दुसऱ्याला ढिली बसते.

साफसफाई आणि तेल

आपल्याकडे टूलचे शत्रू ठरलेले आहेत. काळ्या मातीची बारीक धूळ, कापसाचे तंतू, पावसाळ्यात दमट हवा आणि खताची पोती. शेवटचं फारसं कोणाच्या लक्षात येत नाही. युरिया आणि पोटॅशची पोती ज्या खोलीत असतात, तिथल्या दमट हवेत लोखंडाला गंज लवकर चढतो आणि तांब्या-पितळेचे लगही हिरवे पडतात. टूल आणि लगचा डबा खताच्या आणि औषधांच्या खोलीत ठेवू नका. घरात जागा नसेल तर झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवा.

काम संपलं की जुन्या टूथब्रशनं डायच्या खोबणी आणि पिनेच्या आजूबाजूचा भाग झाडा. ॲल्युमिनियमचा लग दाबला असेल तर खोबणीत रुपेरी लेप चिकटतो. तो पितळी ब्रशनं काढा. कानस, पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर डायला कधीच लावू नका. खोबण केसाएवढी जरी मोठी झाली तरी प्रत्येक क्रिंप तेवढा ढिला येणार, आणि घासलेला धातू परत येत नाही.

आख्खं टूल डिझेलमध्ये बुडवून धुवायची सवय अनेकांना आहे. त्यानं वरची घाण निघते, पण तीच पातळ होऊन पिनेच्या आत शिरते आणि आतलं वंगण धुऊन जातं. चिंधी डिझेलमध्ये ओली करून पुसा आणि कोरड्या चिंधीनं परत पुसा, एवढं पुरे. मग प्रत्येक पिनेवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. दांडे आठ-दहा वेळा उघडझाप करा आणि बाहेर आलेलं तेल पुसून टाका. जास्त तेल म्हणजे धुळीला आमंत्रण. तेल आणि काळी माती एकत्र आली की तिचा बारीक घासणारा लगदा होतो आणि तोच पिनेची भोकं खातो.

घरातलं तेल वापरू नका. जवसाचं तेल वाळून व्हार्निशसारखं चिकट होतं, खोबरेल डिसेंबरच्या सकाळी थिजतं आणि रॅचेट अर्ध्यात अडकतं. गंज सोडवायचा फवारा पिन मोकळी करायला चांगला आहे, पण तो वंगण म्हणून टिकत नाही. फवारा मारला तर नंतर तेलाचा थेंब द्यावाच लागतो.

डायच्या आतल्या बाजूला काम करताना तेल नको. पावसाळ्यात टूल महिनाभर पडून राहणार असेल तरच पातळ हात फिरवा आणि पुन्हा वापरण्याआधी कोरडं पुसा.

रॅचेटशी तडजोड नाही

रॅचेटचं काम एकच आहे: डाय पूर्ण मिटेपर्यंत दांडे उघडू न देणं. कंटाळून अर्ध्यात सोडलं तरी टूल सोडत नाही. हाच त्याचा उपयोग, आणि हाच लोकांना जाच वाटतो. मग कोणी दातांत अडकणाऱ्या खिटीची स्प्रिंग काढून टाकतं, कोणी खिटीचा दात घासतं. असं टूल दिसलं तर ते रॅचेट नसलेलं टूल समजा, किंमत कितीही असो.

तपासणी अशी. रिकामं टूल हळूहळू मिटा आणि कान देऊन ऐका. टकटक आवाज एकसारखा यायला हवा. मध्ये एखादा दात गाळला तर आवाजात खंड पडतो. प्रत्येक दातावर थांबून दांडे उघडायचा प्रयत्न करा. एकाही जागी उघडले तर तिथला दात किंवा खिटी झिजलेली आहे. शेवटी पूर्ण मिटल्यावर दांडे आपोआप सुटतात, त्या क्षणी डायची दोन्ही तोंडं एकमेकांना टेकलेली असायला हवीत.

टेकलीत की नाही हे डोळ्यांना कळत नाही. वर्तमानपत्राची दोन पट्ट्या कापा, बोटभर रुंद. एक डायच्या एका टोकाला, दुसरी दुसऱ्या टोकाला, आणि टूल सुटायच्या अगदी आधीच्या दातापर्यंत सावकाश मिटत न्या, मग पूर्ण मिटण्याच्या क्षणी पट्ट्या ओढून बघा. दोन्ही सारख्या पकडल्या गेल्या पाहिजेत. एक घट्ट आणि दुसरी सैल, तर जबडा वाकडा झालाय किंवा पीन एका बाजूनं झिजलीय. दोन्ही सैल, तर सुटण्याची जागा डाय टेकण्याच्या आधी येतेय. बऱ्याच टूलमध्ये दात असलेलं छोटं चाक असतं, ते एक घर फिरवून दाब वाढवता येतो. एका वेळी एकच घर फिरवा, दर वेळी नमुना दाबून मोजा. दाब जास्त झाला तर टूल सोडायला मनगट दुखेल एवढं जोर लागतो, आणि मग लोक दांड्याला पाइप घालतात. पाइप घातलेल्या टूलचा जबडा उघडत जातो, तो परत जागेवर येत नाही.

ज्या कंपन्या गेज (खोबण तपासायची ठरलेल्या मापाची सळी) देतात त्यांच्या टूलसाठी गेज मागून घ्या. गेजची एक बाजू मिटलेल्या खोबणीतून आरपार जायला हवी, दुसरी बाजू आरपार जाता कामा नये. गेज लावताना डाय टेकतील एवढंच मिटा, त्यापुढे जोर देऊ नका. जोर दिला की जबडा किंचित ताणला जातो आणि झिजलेलं टूलही पास होतं.

हायड्रॉलिक टूल

16 चौरस मिमीच्या वरचे लग हातानं नीट दबत नाहीत, तिथे हायड्रॉलिक लागतं. अशा टूलमध्ये साधारण 600 ते 700 बार दाब तयार होतो. एवढ्या दाबाचं तेल सुईच्या टोकाएवढ्या भोकातून आलं तर कातडी फोडून आत जातं. म्हणून गळती बोटानं शोधू नका. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा, त्यावर डाग उमटतो. तेल कातडीत गेल्याची शंका जरी आली, तरी जखम लहान दिसते म्हणून घरी थांबू नका, सरळ दवाखान्यात जा आणि दाबाचं तेल आत गेलंय हे डॉक्टरांना सांगा.

डोक्याचा भाग, म्हणजे ज्या कमानीत डाय बसतात तो, दर तपासणीला तड्यांसाठी बघा. केसाएवढी तड नुसती दिसत नाही. ती जागा डिझेलच्या चिंधीनं ओली करा, दहा मिनिटांनी अगदी कोरडी पुसा आणि वर शाळेतला पांढरा खडू घासा. तड असेल तर आत शिरलेलं डिझेल खडूत झिरपतं आणि काळपट रेघ उमटते. कमानीचा आतला कोपरा आणि खिळीचं भोक, या दोन जागा सगळ्यात आधी फुटतात. रेघ उमटली तर ते टूल संपलं. वेल्डिंग करून चालवायचं नाही. उष्णतेनं त्या पोलादाचा कस जातो आणि पुढच्या वेळी दाब असताना तुकडा उडतो.

मग दाबाची तपासणी. डाय टेकेपर्यंत पंप मारा आणि दोन मिनिटं तसंच ठेवा. दांडा, म्हणजे तेलाच्या दाबानं डाय पुढे ढकलणारा पिस्टन, आपोआप मागे सरकला तर आतला झडपेचा गोळा किंवा ओरिंग गेलंय. पुढे पंप मारत राहिलं की ठरलेल्या दाबावर टक् असा आवाज येऊन दाब सुटतो. तो आवाज येत नसेल किंवा डाय टेकण्याआधीच येत असेल, तर दाबाची झडप बिघडली आहे. ती झडप स्वतः फिरवून लावायचा मोह टाळा, दुरुस्ती केंद्रात पाठवा.

दांडा झटके देत पुढे जात असेल तर तेलात हवा आहे किंवा तेल कमी आहे. तेल कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचंच घाला. ब्रेक ऑइल कधीही नाही. हायड्रॉलिक टूलची रबरी सीलं बहुतेक नायट्राइलची असतात, ब्रेक ऑइलनं ती फुगतात आणि मऊ पडतात. मे महिन्यात, पारा 45 च्या वर असताना, टूल गाडीच्या डिकीत ठेवलं की तेल पातळ होतं आणि झिजलेल्या सीलची गळती तेव्हाच उघडी पडते. थंडीत तेच टूल ठीक वाटतं. म्हणून वर्षातली एक तपासणी उन्हाळ्याच्या दुपारी करावी.

काम झाल्यावर दाब पूर्ण सोडून, दांडा आत घेऊनच टूल ठेवा. डायच्या जोड्या एकत्र बांधून ठेवा. वेगवेगळ्या जोडीतली वरची आणि खालची डाय एकत्र बसते, पण क्रिंप तिरका येतो.

ओढून बघणं

मापं बरोबर असली तरी नमुना ओढून बघितल्याशिवाय टूल पास म्हणू नये. तांब्याच्या वायरसाठी आयईसी 60352 या आंतरराष्ट्रीय मानकांच्या मालिकेच्या दुसऱ्या भागात किमान ताण दिला आहे. किलोत, आकडा जरा वरच्या बाजूला पूर्ण करून सांगायचं तर 1.5 चौरस मिमीला 15.5 किलो, 2.5 ला 23.5, 4 ला 32, 6 ला 37 आणि 10 चौरस मिमीला 39 किलो.

यासाठी मशीन लागत नाही. कापूस मोजायचा टांगता डिजिटल काटा घरोघरी असतो. आधी काटाच तपासा: न फोडलेलं युरियाचं पोतं 45 किलोचं असतं, ते लटकवा. काटा अर्ध्या किलोपेक्षा जास्त चुकत असेल तर दुसरा घ्या.

गोठ्याच्या मजबूत आड्याला काटा टांगा. नमुन्याच्या लगमधून बोल्ट घालून तो काट्याच्या आकड्याला अडकवा. वायरचं दुसरं टोक गाठ मारून बांधू नका, गाठीपाशी वायर तुटते आणि दोष क्रिंपवर जातो. त्याऐवजी मनगटाएवढ्या जाड लाकडी दांड्याला चार वेढे देऊन टोक खिळ्याखाली दाबा. दांड्याला 50 लिटरचा रिकामा ड्रम लटकवा, जमिनीपासून चार बोटं वर. आता पाइपनं ड्रममध्ये बारीक धार सोडा. पाणी चढतं तसा ताण हळूहळू वाढतो, झटका बसत नाही. काट्यावर नजर ठेवा, पाय ड्रमखाली नकोत.

आकडा गाठला की पाणी थांबवा आणि एक मिनिट वाट बघा. वायर जराही सरकली नाही तर पास. नंतर पाणी वाढवत जा आणि शेवटी काय होतं ते बघा, शिकण्यासारखं खरं तिथेच आहे. वायर लगमधून अख्खी निसटली, तर दाब कमी पडला. वायर लगच्या तोंडाशीच तुटली आणि ठरलेल्या आकड्याच्या आत तुटली, तर दाब जास्त झाला आणि तारा आतून कापल्या गेल्या. ठरलेल्या आकड्याच्या बरीच पुढे जाऊन तुटली, तर टूल चांगलं आहे.

एक काळजी घ्या. लाल-निळ्या थिंबलमध्ये मागचा भाग वायरच्या आवरणाला पकडतो. तो ताण आपल्या मोजणीत येऊ नये म्हणून नमुन्याच्या वायरचं आवरण जरा जास्त सोलून ते थिंबलच्या बाहेर ठेवा. आणि हा नमुना पुन्हा कामाला वापरायचा नाही, आकडा पास झाला तरी.

कापून बघणं

वर्षातून एकदा प्रत्येक खोबणीतला एक नमुना आडवा कापा. व्हाइसमध्ये धरा, बारीक दातांच्या हॅक्सॉनं क्रिंपच्या मध्यावर कापा, मग बारीक कानस, मग 400 आणि शेवटी 800 नंबरचा पॉलिश पेपर पाणी लावून. काचेसारखं गुळगुळीत झालं की मोबाइलच्या कॅमेऱ्यानं मोठं करून बघा.

चांगल्या क्रिंपमध्ये गोल तारा गोल राहत नाहीत. एकमेकींवर दबून त्या मधमाशीच्या पोळ्याच्या घरांसारख्या कोनदार होतात, आणि नळी व तारांमध्ये काळी फट नसते. तारा अजून गोल दिसत असतील आणि मध्ये काळे ठिपके असतील, तर दाब कमी. नळीला बाहेरून तडा असेल किंवा बाजूचे पंख लांब आले असतील, तर दाब जास्त किंवा डाय लहान. एका बाजूच्या तारा चेपल्या आणि दुसऱ्या बाजूच्या गोल, तर डाय तिरकी मिटतेय. वर्तमानपत्राच्या पट्टीनं जे दाखवलं तेच इथे पुन्हा दिसेल.

बॅटरी आणि बल्ब

रोध मोजायला मिलीओहम मीटर महाग पडतो. ट्रॅक्टरची 12 व्होल्ट बॅटरी, 55 वॅटचा हेडलाइट बल्ब, 10 अँपिअरचा फ्यूज आणि साधा मल्टिमीटर पुरतो. बॅटरी, फ्यूज, नमुन्याची वायर आणि बल्ब एका ओळीत जोडा. बल्ब पेटला की साधारण साडेचार अँपिअर वाहतात. मल्टिमीटर डीसी 200 मिलीव्होल्टवर ठेवा आणि आधी उघड्या वायरवर 10 सेंटीमीटर अंतर ठेवून मोजा. 4 चौरस मिमी तांब्याच्या वायरवर साधारण 2 मिलीव्होल्ट येतील. मग एक टोक लगच्या तोंडाजवळच्या वायरवर आणि दुसरं लगच्या चपट्या भागावर टेकवा. हा आकडा आधीच्या आकड्यापेक्षा कमीच यायला हवा. पाच-दहा पट जास्त आला तर क्रिंप वाईट, बाहेरून कसाही दिसो. ही मोजणी बाकावर, सुट्या नमुन्यावर करायची. चालू स्टार्टरवर नाही.

टूल चांगलं, तरी क्रिंप वाईट

सगळा दोष टूलला देऊ नका. लगमध्ये बसत नाही म्हणून वायरच्या तारा कापणं ही सगळ्यात जुनी खोड. सात तारांच्या वायरची एक तार कापली की 14 टक्के तांबं गेलं. लग मोठा आहे म्हणून वायर दुमडून घालणं ही दुसरी. वायर नळीच्या लांबीपेक्षा एक-दोन मिलिमीटर जास्त सोला, कारण दाबल्यावर नळी लांबते. लांब नळीवर दोन-तीन दाब द्यायचे तर चपट्या भागाकडून सुरुवात करून वायरकडे या. ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर तांब्याच्या लगमध्ये घालू नका. तिथे ॲल्युमिनियमचा किंवा बायमेटल (ॲल्युमिनियम आणि तांबं जोडलेला) लगच लागतो. तारा ब्रशनं घासून लगेच जोडणीची पेस्ट लावा. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच बनतो, वाट बघितली तर घासलेलं वाया जातं.

वर्षाचं वेळापत्रक

पुसणं आणि नजरेनं बघणं रोज. रॅचेटची टकटक आणि वर्तमानपत्राची पट्टी दर आठवड्याला, जास्त काम असेल तर दर दोन दिवसांनी. टूल खाली पडलं तर त्याच वेळी, पंपघराच्या फरशीवर पडलेलं टूल वरून ठीक दिसतं. उंचीचं माप आणि पाण्याच्या ड्रमची परीक्षा तीन महिन्यांनी.

मोठी तपासणी खंडेनवमीच्या आधी करा. हत्यारं घासूनपुसून पूजेला मांडायची रीत आपल्याकडे आहेच, आणि दिवसही नेमका: त्यानंतर हरभरा-गव्हाच्या ओलितासाठी पंप सुरू होतात आणि स्टार्टरची कामं एकदम येतात. मापं, ओढणं, कापणं, खडू, सगळं त्या आठवड्यात उरका आणि पास झालेल्या टूलवर त्या वर्षाच्या रंगाचा ठिपका लावा. सरकारी कामं किंवा मोठे सोलर प्रकल्प घेत असाल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्य प्रयोगशाळेचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र, म्हणजे मापं तपासल्याचा दाखला, वेगळं लागेल.

उंची नवीन टूलच्या मापापेक्षा 6 चौरस मिमीपर्यंतच्या लगला 0.1 मिमी वाढली, तर आम्ही ते टूल बाजूला ठेवतो. कंपनीनं वेगळी मर्यादा दिली असेल तर तीच पाळा. स्प्रिंग, सर्क्लिप, पीन, ओरिंग बदलता येतं. डाय बदलायची तर जोडीनं. वाकलेला जबडा आणि तडकलेली कमान भंगारात, आणि भंगारात देण्याआधी हॅक्सॉनं कापून, नाहीतर तेच टूल बाजारातून फिरून पुन्हा कोणाच्या तरी पिशवीत येतं.

टूल नापास झालं की काम तिथे संपत नाही. वही काढा. मागच्या पास तारखेपासून त्या टूलनं कोणाकोणाचे स्टार्टर, कोणते सोलर कनेक्टर दाबले ते शोधा. म्हणूनच प्रत्येक जागेवर कोणतं टूल वापरलं हे लिहायची सवय हवी: तारीख, कास्तकाराचं नाव, टूलचा क्रमांक, एका ओळीत. त्या जागी जाऊन मेन बंद करा, टेस्टरनं तिन्ही फेज तपासा, लग कापून काढा, वायर ताज्या जागी सोला आणि चांगल्या टूलनं नवीन लग दाबा. सोलरच्या जागी आधी कंट्रोलर बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनलची लाइन तोडणारा स्विच) बंद, आणि मगच कनेक्टरला हात.